‘वरील मजकूर वाचला व समजला’

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की शाळकरी मुले असलेल्या घरांत भाजणीच्या खमंग वासाबरोबर आणखी एक गोष्ट येऊन पडते. तिचे नाव सुट्टीचा अभ्यास. शुद्धलेखनाची वीस पाने, पाढे, निबंध आणि शेवटी हमखास एक उतारा: ‘खालील उतारा वाचा व प्रश्नांची उत्तरे लिहा.’ उतारा अर्थातच दिवाळीचा. दिवाळी हा सणांचा राजा आहे, दिवाळीत मुले फटाके उडवतात, आई फराळ करते, सगळीकडे आनंदीआनंद असतो. खाली प्रश्न: सणांचा राजा कोणता? आई काय करते? सगळीकडे काय असते? भाऊबीजेच्या रात्री, शाळा उघडायला चार दिवस उरले असताना, मूल डोळे चोळत ही उत्तरे लिहिते. सगळी बरोबर येतात. बाई लाल शाईने खूण करतात. दिवाळी संपते.

या उत्तरांवरून मुलाला उतारा समजला असे आपण धरून चालतो. तसे धरावे का, याचा एक छोटा प्रयोग वाचकांनी आत्ताच, चहा निवायच्या आत करून पाहावा. खालच्या तीन ओळी वाचा.

‘टिंबऱ्या गुमाटाने फळसुद्यात तीन झोळपे रुंचले. झोळपे फार लिचकट होते. म्हणून गुमाटाची मोरंगी त्याच्यावर खवदळली.’

आता प्रश्न. झोळपे कोणी रुंचले? किती रुंचले? झोळपे कसे होते? मोरंगी कोणावर खवदळली आणि का? तुम्हाला चारही उत्तरे आली असणार. चारपैकी चार गुण. आणि झोळपा म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही, कारण तो शब्द मी आज सकाळीच बनवला. आपल्या शाळांतून वर्षानुवर्षे जी ‘आकलना’ची परीक्षा चालते, तिच्यातला मोठा भाग हा असा आहे. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या आजूबाजूचे वाक्य उचलायचे आणि वहीत ठेवायचे. हे कसब आहे, नाही असे नाही. पण त्याला समजणे म्हणत नाहीत.

माझा यात काय संबंध, असे कोणी विचारील. मी शिक्षक नव्हे. आयुष्याची तीसेक वर्षे बँकेत काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण या दोन्ही धंद्यांत माणसे कशी वाचतात, हे फार जवळून पाहायला मिळते. बँकेच्या कर्जाच्या कागदावर शेवटी एक ओळ असायची: ‘वरील मजकूर मी वाचला व समजला.’ तिच्याखाली सही. त्या ओळीतल्या ‘वाचला’ आणि ‘समजला’ यांच्यामध्ये एक चिमुकला ‘व’ आहे. वाचले की समजले, असे तो ‘व’ गृहीत धरतो. तालुक्याच्या गावी असताना एका कर्जदाराला जामीन राहिलेले गृहस्थ नोटीस हातात घेऊन माझ्या टेबलासमोर आले होते. चांगले शिकलेले, नोकरदार. म्हणाले, “साहेब, कागद मी सगळा वाचला होता हो. पण जामीन म्हणजे साक्षीदारासारखं असतं, असं वाटलं.” करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ते शब्द कागदावर होते. गृहस्थांच्या डोळ्यांखालून ते गेलेही होते.

गंमत अशी की निरक्षर माणूस अंगठा उठवायला आला, तर कागद त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा, समजावून सांगायचा आणि तसे केल्याचे लिहून घ्यायचे, अशी रीत होती. साक्षर माणसाला मात्र कोणी काही समजावत नसे. त्याला वाचता येत होते ना! आपल्या प्राथमिक शाळांतून आपण अशीच साक्षर आणि बिनसमजुतीची माणसे घडवत असू, तर त्याची किंमत पुढे कधीतरी, कुठल्यातरी टेबलासमोर चुकती करावी लागते. ती किंमत मी पाहिलेली आहे. म्हणून हा विषय मला दिवाळीच्या फराळाइतका हलका वाटत नाही.

मुळात नुसते वाचता येणे, हाच आपल्याकडे अजून मोठा प्रश्न आहे. ‘असर’ ही पाहणी २००५ पासून खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन मुलांना वाचायला लावते. ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ साली शंभरात सुमारे २७ होती. करोनात शाळा बंद राहिल्या आणि २०२२ मध्ये हा आकडा सुमारे २० वर घसरला. २०२४ च्या पाहणीत तो पुन्हा जवळजवळ पूर्वीच्या जागी आला, म्हणून आपण सुस्कारा टाकला. पण पूर्वीची जागा तरी कुठली? शंभरातली सत्तरहून अधिक मुले बाहेरच. आणि हे झाले नुसत्या अडखळत न वाचण्याचे. समजले किती, ते आणखी पुढचे. केंद्र सरकारने २०२१ साली सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ योजनेच्या पूर्ण नावातच ‘समजून वाचणे’ हे शब्द आहेत. म्हणजे गोष्ट सरकारच्याही ध्यानात आली आहे. आता ती वर्गात आणि घरात उतरायची आहे.

ती उतरवायला सुट्टी आणि सण यांच्यासारखा मुहूर्त नाही. कारण सणाच्या दिवसांत घरभर वाचण्यासारखे कागद असतात आणि प्रत्येक कागदामागे काहीतरी करायचे असते. मूल अशा वेळी ‘अभ्यास म्हणून’ वाचत नाही. चकली हवी असते, म्हणून वाचते.

चकलीचेच घ्या. चकलीची कृती आठ-दहा वाक्यांत कागदावर लिहा. धान्ये भाजणे, दळून आणणे, तिखट, तीळ, ओवा, मोहन, गरम पाण्यात पीठ भिजवणे, सोऱ्यात भरणे, तळणे. आता कात्रीने प्रत्येक वाक्य वेगळे करा, चिठ्ठ्या कालवा आणि तिघाचौघा मुलांपुढे टाका. क्रम लावा म्हणावे. पाच मिनिटांत भांडण सुरू होईल, आणि ते भांडण ऐकण्यासारखे असते. “मोहन आधी की पाणी आधी?” “अरे, ‘भिजवलेला गोळा’ लिहिलंय, म्हणजे पाणी झालेलं आहे!” हे वाक्य ज्या मुलाने उच्चारले, त्याने वाचनातली एक मोठी पायरी ओलांडली. एका वाक्यातल्या शब्दावरून दुसऱ्या वाक्याची जागा त्याने ओळखली. ‘सणांचा राजा कोणता’ हा प्रश्न शंभर वेळा विचारून ही पायरी चढता येत नाही.

अनारसे त्याहून वरच्या इयत्तेचे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, चौथ्या दिवशी सावलीत सुकवून कुटायचे, गूळ घालून गोळा मुरत ठेवायचा, चार-पाच दिवसांनी खसखशीवर थापून तळायचे. एवढे वाचून झाले की भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवून विचारावे, “लक्ष्मीपूजनाला ताटात अनारसा हवा, तर तांदूळ कोणत्या वारी भिजत घालायचे?” हे उत्तर कृतीत कुठेही लिहिलेले नाही. तरीही ते कृतीतच आहे. ओळींच्या मधले वाचणे म्हणतात ते हेच, आणि ते चौथीच्या मुलाला बोटे मोजत उत्तम जमते. कॅलेंडरचा विषय निघालाच आहे, तर १९७३ पासून मराठी घरांच्या खिळ्याला लटकणाऱ्या ‘कालनिर्णय’ची मागची बाजूही मुलांकडून वाचून घ्यावी. ज्या घरात एकही पुस्तक नसते, त्या घरातही कॅलेंडर असते.

या खेळात परीक्षक कोण? माझे मत असे, की घरातली आजी. तिला वाचता येत नसेल तर फारच चांगले. नात कागद धरून वाचणार आणि आजी परातीपाशी बसून ऐकणार. “पीठ घ्यावे, तिखट-मीठ घालून पाण्याने भिजवावे...” की आजी थांबवणार, “अगं, कडकडीत मोहन राहिलं की! नीट बघ, लिहिलं असेल.” आणि नात पुन्हा कागदात डोके घालणार. मजकूर जाणणारी पण अक्षर न जाणणारी आजी आणि अक्षर जाणणारी पण मजकूर न जाणणारी नात, अशा दोघींची गाठ पडली की वाचन पुरे होते. अक्षरे येत नाहीत म्हणून मुलांच्या अभ्यासापासून दूर बसणाऱ्या आयांना आणि आज्यांना आपण हे कधी सांगतच नाही.

मुलगे आणि अलीकडे मुलीही ज्याच्यासाठी तहानभूक विसरतात, तो दिवाळीचा किल्ला ही तर वाचनाची उघडी शाळा आहे. पूर्वी किल्ला म्हणजे विटा, पोती, चिखल आणि अळीव पेरलेले हिरवे डोंगर. कुठला किल्ला म्हणून विचारले तर उत्तर एकच, ‘शिवाजीचा’. आता करावे असे: एका गटाला रायगडाचे वर्णन द्यावे, दुसऱ्याला सिंधुदुर्गाचे, पंधरा-वीस ओळींचे, चित्राशिवाय. रायगडच्या गटाला महादरवाजा, गंगासागर, बाजारपेठ, जगदीश्वराचे मंदिर आणि महाराजांची समाधी, हिरकणी बुरूज, टकमक टोक हे सगळे वाचून आपापल्या जागी बसवायचे आहे. सिंधुदुर्गच्या गटापुढे वेगळाच पेच आहे. १६६४ साली ज्याचे काम सुरू झाले तो हा किल्ला मालवणजवळ बेटावर आहे. ‘बेटावर’ हा एक शब्द नीट वाचला, तर डोंगर उभा करायचाच नाही, परातीत पाणी भरायचे आहे. नाही वाचला, तर समुद्रातला किल्ला डोंगरावर चढून बसेल. मग गटांची अदलाबदल करावी. रायगडवाल्यांनी सिंधुदुर्गचा कागद हातात धरून किल्ला तपासावा. चूक दाखवायची तर ओळीवर बोट ठेवूनच दाखवायची, एवढा एक नियम. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. बारा वर्षे पुरेल एवढी सामग्री झाली!

‘बोट ठेवून दाखव’ हा नियमच मला या साऱ्या खटाटोपातला कळीचा वाटतो. कारण ‘हसतखेळत शिक्षण’ या नावाखाली बरेच काही चालते. आकाशकंदील कापणे, पणत्या रंगवणे, रांगोळी काढणे हे सारे छान आहे, पण ते हस्तकलेच्या तासाचे. त्याला वाचनाचा तास म्हणू नये. खेळ वाचनाचा आहे की नाही, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. खेळता यावे म्हणून मुलाला पुन्हा कागदाकडे वळावे लागते का? वळावे लागत असेल तर तो खेळ वाचनाचा. नुसता कल्ला झाला आणि कागद कोपऱ्यात पडून राहिला, तर ती मौज झाली, अभ्यास नव्हे.

दुसरे असे, की प्रश्न नेहमी मोठ्यांनीच का विचारायचे? वर्गातल्या मुलांना उतारा द्यावा आणि सांगावे, ‘तुम्ही बाईंना तीन प्रश्न विचारा. पण एकाचेही उत्तर उताऱ्यातून जसेच्या तसे उचलता येऊ नये.’ मुले मग उतारा असा पिंजून काढतात की विचारू नये. ‘आई फराळ करते’ या वाक्यावर एखादी मुलगी हमखास विचारील, “बाबा काय करतात?” उतारा लिहिणाऱ्याला हा प्रश्न सुचला नव्हता. माझ्या एका कथेतला परिच्छेद कुठल्याशा सराव-पुस्तकात छापून आला, तेव्हा त्याच्याखालच्या पाचांपैकी दोन प्रश्नांची उत्तरे मला स्वतःलाच देता आली नव्हती. तेव्हापासून ‘लेखकाला काय म्हणायचे आहे’ या प्रश्नापेक्षा ‘तुला काय विचारावेसे वाटते’ हा प्रश्न मला अधिक प्रामाणिक वाटतो.

आणि दिवाळी तरी सगळ्यांची एकच कुठे असते? गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे जाळतात. कोकणात अंघोळीच्या आधी पायाने कारीट फोडतात. अकोले, इगतपुरीकडच्या आदिवासी पाड्यांवर वसुबारसेच्या दिवशी वाघबारस असते, गाईबरोबर वाघाचीही आठवण ठेवली जाते. या तिन्ही ठिकाणांवर दहा-दहा ओळी लिहून वर्गाच्या तीन भिंतींवर चिकटवा, आणि ‘आपल्यासारखे काय, आपल्याहून वेगळे काय’ हे शोधायला मुलांना वहीपेन्सिल घेऊन वर्गभर फिरू द्या. डिसेंबरात वसईचा नाताळ, ईदला शिरखुर्म्याची कृती. शेजारच्या बाकावरच्या मुलाचा सण वाचून समजणे, हेही आकलनच.

इथे एक बोचरी गोष्ट सांगितली पाहिजे. समजणे हे अक्षरांवर जेवढे अवलंबून, तेवढेच अनुभवावर. बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. त्या घरातल्या मुलीपुढे ‘मी सुट्टीत मामाच्या गावी गेले, रोज नवे कपडे घातले’ असा उतारा ठेवला आणि तिला तो नीट उलगडला नाही, तर आपण शेरा मारतो, ‘आकलन कच्चे.’ पण तिच्याकडून ऊसतोडीला निघताना ट्रॅक्टरवर काय काय चढवायचे याची यादी लिहून घ्या, ती यादी फळ्यावर लावा आणि शहरातून आलेल्या मुलाला विचारा, ‘यात चूल आणि सरपण आधी का लिहिले असेल?’ आता कच्चे कोण? उतारे पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात बसून लिहायचे आणि सगळ्या महाराष्ट्राने त्यांची उत्तरे द्यायची, हा अन्याय आहे. ‘कच्चे’ हा शिक्का एकदा बसला की मूल स्वतःही तो खरा मानू लागते. बँकेत मी पाहिले आहे, फॉर्म हातात धरून वर्षानुवर्षे ‘साहेब, तुम्हीच भरा, आपल्याला काय कळतंय’ म्हणणारी सातवी-आठवी शिकलेली माणसे. त्यांना अक्षरे येत होती. आपल्याला कळू शकते, हा विश्वास मात्र कोणीतरी फार लवकर काढून घेतला होता.

आता कोणी म्हणेल, बोलणे सोपे आहे. एका बाईंपुढे पन्नास मुले, त्यात शंभर सरकारी कागद, निवडणुकीची कामे वेगळीच. तक्रार खरी आहे. पण या साऱ्याला लागते काय? चार जुने कागद, एक कात्री आणि अर्धा तास. भावनगरला १९२० साली बालमंदिर काढणाऱ्या गिजुभाई बधेकांनी ‘दिवास्वप्न’ लिहिले. त्यातला मास्तर चौथीच्या गोंगाट्या वर्गाला आवरायला छडी घेत नाही, गोष्ट सांगू लागतो. त्याच्याकडे साधने कुठे होती? आणि दुसरा आक्षेप माझ्यासारख्यांचाच असू शकतो, की वाचन ही एकांतातली, शांत गोष्ट. तिचा असा बाजार कशाला? हेही मान्य. पण शांतपणे वाचत बसणारे मूल आकाशातून पडत नाही. कागदात काहीतरी दडलेले असते, याची चटक आधी लागावी लागते. खेळ त्या दारापर्यंत नेऊन सोडतो. आत शिरल्यावर मुलाला एकटे सोडावे आणि मोठ्यांनी दार लोटून घ्यावे.

आपल्या भाषेत तर सणाला वाचायची केवढी जुनी परंपरा! काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवणारे आपण लोक. ‘बालभारती’चे ‘किशोर’ १९७१ पासून मुलांसाठी निघते आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर मोफत वाचायला मिळतात. मग वर्गाचा, वाड्याचा, सोसायटीचा एक हस्तलिखित दिवाळी अंक मुलांनी का काढू नये? एकाने चिवड्याची कृती लिहावी, दुसरीने किल्ल्याची माहिती, तिसऱ्याने कोडे. आणि संपादकाने, म्हणजे पाचवीतल्या ताईने, प्रत्येक मजकूर परत पाठवावा: ‘तिखट किती, ते लिहिलेले नाही. वाचणाऱ्याला कसे कळणार?’ दुसऱ्याला समजेल असे लिहायला बसलेले मूल स्वतः वाचताना कधी फसत नाही.

तेव्हा यंदा सुट्टीच्या अभ्यासाची वही मुलापुढे सरकवण्याआधी तो उतारा आपण एकदा वाचावा. त्याच्या प्रश्नांची उत्तरे झोळप्यांसारखी मिळत असतील, तर लिहून टाकू द्यावीत, शाळेचा मान म्हणून. त्यानंतर पाच रुपयांचा कागद आणि कात्री घ्यावी, कृतीच्या चिठ्ठ्या कराव्यात, आजीला परातीपाशी बसवावे. मुलाने एखादी ओळ पुन्हा वाचली, कपाळाला आठी घातली आणि “पण असं का?” म्हणून विचारले, तर समजावे, आज काहीतरी झाले. त्या प्रश्नाला लाल शाईची खूण मिळणार नाही. पण पुढे वीस वर्षांनी एखाद्या कागदावर सही करायच्या आधी तोच प्रश्न त्याच्या तोंडून निघेल, आणि समोरच्या साहेबाला कागद समजावून सांगावाच लागेल.